शुभेच्छांची तीन मिनिटं

मी व्हॉलीबॉलचा कोच कसा झालो हे सांगायला लागलो की आमची सरसू गॅस बंद करते. म्हणते, "झालं. आता तासभर तरी पानं घ्यायला नकोत." बायकोने चारचौघांत असं बोलू नये, पण ती बोलते, आणि गेल्या जानेवारीपासून मला तिला उत्तरही देता येत नाही. म्हणून या वेळी थोडक्यात सांगतो. निदान प्रयत्न करतो.

आमचं कैतक्कुन्न गाव उत्तर केरळात, वडकरेहून बसने पाऊण तासावर. आमच्या या भागात पोर नीट चालायला लागलं की कुणीतरी दोन माडांमध्ये दोरी बांधून त्याच्या अंगावर बॉल टाकतं. गावात एक वाचनालय आहे, वाचनालयाचं एक क्रीडा मंडळ आहे, आणि पुस्तकं वाचणारे चार जण सोडले तर सगळे त्या मंडळातच असतात. मंडळाचे जुने कोच मुलाकडे दुबईला गेले आणि कमिटीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "आपले सेतुएट्टा कॉलेजच्या टीममध्ये होते ना?"

एट्टा म्हणजे थोरला भाऊ. माझं नाव सेतुमाधवन, सहकारी बँकेत हेड क्लार्क, वय चोपन्न. कॉलेजच्या टीममध्ये मी होतो हे खरं. बारावा होतो. चार वर्षांत एकदाच मैदानात उतरलो, तेही एकाचा पाय मुरगळला म्हणून, आणि साडेचार मिनिटांत त्याचा पाय बरा झाला. हा खुलासा मी त्या बैठकीत करणार होतो, पण तेवढ्यात चहा आणि केळ्याची भजी आली, आणि भजी खाऊन होईपर्यंत ठराव मंजूर झाला होता.

पहिला प्रश्न मैदानाचा. शाळेचं मैदान फक्त सामन्यांना मिळतं, सरावाला नाही. तेव्हा कुंजम्मद हाजी पुढे आले. हाजींचा खोबऱ्याचा धंदा, आणि खोबरं वाळवायचं त्यांचं अंगण एवढं मोठं की त्यात लग्न होतं. "घ्या माझं अंगण," ते म्हणाले. "पैसे नकोत. फक्त चार वाजता पोरांनी खोबरं गोळा करून पोत्यात भरायचं. त्यांचा व्यायाम होईल." माणूस दिलदार. पाच महिने त्यांनी खोबरं उचलायला एकही गडी लावला नाही.

मग खांबांचा प्रश्न. पंचायतीतल्या कारकुनाने विचारलं, "खांब कायमचे की तात्पुरते?" तात्पुरते म्हटलं तर दर तीस दिवसांनी नवा अर्ज. कायमचे म्हटलं तर ते बांधकाम, मग नकाशा आणि घरपट्टी. मी स्वतः तीस वर्षं कागद अडवून धरण्याचं काम करत आलोय, त्यामुळे त्या माणसाबद्दल मला आदरच वाटला. पण तीन चकरा झाल्यावर आदर कमी झाला. शेवटी हाजींनीच सुचवलं, "कपडे वाळत घालायचे खांब म्हणून लिही की. त्याला कोण विचारतंय?" मी तसं लिहून दिलं. तपासणीला माणूस यायचा तेव्हा नेटवर हाजींचा एक टॉवेल असायचा. कधीकधी आम्ही तो काढायला विसरायचो आणि स्मॅश टॉवेलात अडकायचा.

जर्सीचं तर विचारूच नका. आमच्याकडे लाल रंग एका पक्षाचा, हिरवा दुसऱ्याचा, भगवा तिसऱ्याचा. पांढरा म्हटलं तर "म्हणजे तुम्ही त्यांच्यातले का?" असं विचारणारे आहेतच. टीममध्ये सगळ्या पक्षांची पोरं. तीन संध्याकाळी बैठक चालली. निळ्यावर सगळ्यांचं जमत आलं होतं, तेवढ्यात कुणाला तरी आठवलं की शेजारच्या पुळियक्कराची टीम निळी आहे. शेवटी जो रंग जगातल्या कुठल्याच पक्षाने घेतलेला नाही तो आम्ही घेतला, वांगी. सरसू बघून म्हणाली, "अहो, हे घालून पोरं खेळणार की भाजीवाल्याकडे बसणार?"

हे सगळं मी हसत हसत सांगतोय, कारण हे सांगायला सोपं आहे. पुढचं अवघड आहे.

टीममध्ये लिनीश होता. सेटर. स्मॅश मारणाऱ्याचं नाव होतं, टाळ्या त्यालाच पडतात, पण त्याला बॉल उचलून देणारा सेटर. लिनीश जांभ्या दगडाच्या खाणीत लॉरी भरायचा. बोटं अशी की हात मिळवला तर आपल्या हाताला ओरखडा यावा. पण बॉल त्या बोटांवर आला की आवाज नाही. आला कधी आणि गेला कधी ते कळायचं नाही. मी त्याला शिकवलं असं गावात म्हणतात. मी त्याला काहीही शिकवलेलं नाही. मी फक्त "छान!" म्हणायचो, आणि तेही अनेकदा उशिरा.

एकदा मात्र शिकवायला गेलो. बॉल जमिनीलगत कसा उचलायचा हे दाखवायला मी मुंडू, म्हणजे आमची पांढरी लुंगी, वर खोचली आणि सूर मारला. सूर बरा होता. उठणं जमलं नाही. हाजी ओट्यावरून ओरडले, "अरे, त्यांना पण पोत्यात भरा!" आठ दिवस सरसू माझ्या कमरेला औषधी तेल चोळत होती आणि प्रत्येक हाताबरोबर एक सल्ला देत होती. लिनीश रोज संध्याकाळी यायचा. पायरीवर बसायचा आणि आज कोण कसं खेळलं ते सांगायचा. एके दिवशी म्हणाला, "सेतुएट्टा, मार्चमध्ये मला पंचवीस पूर्ण."

"मग? पार्टी देणार का?"

"नाही हो. सरकारी खात्यात खेळाडू म्हणून पंचविशीनंतर नोकरीत घेत नाहीत. या वर्षी कुणी मोठ्या माणसाने बघितलं तर बघितलं. नाहीतर आयुष्यभर दगडच उचलायचेत. आईला मी सांगितलं नाहीये. तुम्हाला सांगतोय."

एका सरकारी खात्याची व्हॉलीबॉल टीम आहे. त्या टीमला खेळाडू निवडून देणारे वर्की सर, कोट्टयमकडचे. मी त्यांना पत्र लिहिलं. बँकेच्या भाषेत लिहिलं, त्यामुळे पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. दुसरंही तसंच गेलं. तिसरं लिनीशच्या बोटांबद्दल साध्या शब्दांत लिहिलं, आणि चार दिवसांनी फोन आला.

"जानेवारीत कण्णूरला येतोय. रविवारी परत जाताना तुमचा सामना बघतो. पण पावणेसहाची गाडी आहे माझी वडकरेहून. पाचला मला निघावंच लागेल. एक विनंती आहे. सामना दाखवा, सत्कार करू नका."

"अजिबात नाही सर," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. देवाशपथ.

तो रविवार आमच्या पंचक्रोशीच्या स्पर्धेच्या फायनलचा होता, पुळियक्कराविरुद्ध, शाळेच्या मैदानावर, साडेतीनला. आता आमच्याकडे कुठलीही गोष्ट नुसती सुरू होत नाही. विहिरीवर नवा पंप बसवला तरी स्वागत, अध्यक्षीय भाषण, उद्घाटन, मग शुभेच्छापर भाषणं आणि शेवटी आभार. त्याची छापील पत्रिका घरोघर जाते, आणि पत्रिकेत कुणाचं नाव कुठल्या ओळीत आहे यावरून भावकीत अबोला धरतात. वाचनालयाचे सेक्रेटरी प्रभाकर कुरूप. पत्रिका त्यांनी काढली. शुभेच्छा देणारे अकरा. पंचायतीचा सदस्य, मंदिराच्या कमिटीचा सदस्य, मशिदीच्या कमिटीचा सदस्य, हाजी, लाऊडस्पीकरवाला. लाऊडस्पीकरवाला सुद्धा! कोचचं नाव नाही.

मी पत्रिका दोनदा वाचली. मग पाठीमागून बघितली. मग सरसूला दिली.

"नसेना का," ती म्हणाली. "तुम्हाला काय, सामना खेळवायचाय ना?"

बायकांना हे कळत नाही. पाच महिने मी खोबरं उचललं, पंचायतीत चकरा मारल्या, कंबर मोडून घेतली, आणि शुभेच्छा कोण देणार, तर लाऊडस्पीकरवाला! मी कुरूपना निरोप पाठवला की कोचपदाचा राजीनामा स्वीकारावा. सराव बंद केला. दोन दिवस अंगणात खोबरं तसंच पडून राहिलं आणि हाजी स्वतः माझ्या दारात आले. "सेतू, लेका, तुझं नाव मी माझ्या तोंडाने अकरा वेळा घेतो. पण त्या पोराचा विचार कर."

"विचारच करतोय," मी म्हटलं. मी माझा करत होतो.

तिसऱ्या दिवशी लिनीश आला. हातात पत्रिकांचा गठ्ठा. चारशे. कुरूप म्हणाले होते की आता पुन्हा छापणं शक्य नाही. म्हणून त्या पोराने खाणीवरून आल्यावर, एकेका पत्रिकेवर, बारावा नंबर घालून, निळ्या पेनाने माझं नाव लिहिलं होतं. 'श्री. सेतुमाधवन, कोच.' चारशे वेळा. अक्षर वाईट होतं. दगड उचलणाऱ्या हाताला पेन नीट धरवत नाही.

"आता या ना सेतुएट्टा," तो म्हणाला. "तीन मिनिटं बोला. कुरूपेट्टांनी कबूल केलंय."

तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, 'अरे वेड्या, फाड ती कागदं, चल सरावाला.' मी काय म्हटलं? म्हटलं, "कोचच्या आधी 'मुख्य' लिहिलं असतंस तर बरं झालं असतं."

रविवारी वर्की सर पावणेतीनलाच आले. बारीक माणूस, चष्मा, काखेत एक जुनी बॅग. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. मी त्यांना ओळख दिली नाही, कारण पत्रं लिहिणारा माणूस मीच हे त्यांना माझ्या भाषणानंतर कळावं, अशी माझी कल्पना होती. म्हणजे कसं, उठून हात मिळवतील.

आणि त्या दिवशी आमच्या गावाने चमत्कार केला. हाजींनी स्टेजच्या मागे उभं राहून प्रत्येक वक्त्याच्या कानात सांगितलं, "पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे, पाहुण्यांची गाडी आहे, आटपा." आणि सगळ्यांनी आटपलं! पंचायतीच्या सदस्याने दोन मिनिटं घेतली, जे त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. लाऊडस्पीकरवाला म्हणाला, "शुभेच्छा," आणि खाली बसला. चार वाजून पाच मिनिटांनी अकरा जण संपले होते. पाचपर्यंत दोन सेट सहज झाले असते.

मग कुरूप म्हणाले, "आणि आता आपले कोच."

माझ्या कानात हाजींनी काही सांगितलं नाही. मला काय सांगायचं? गाडीची वेळ मलाच तर पहिल्यांदा कळली होती.

मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मोठे वक्ते असंच करतात. मात्र ठेवल्यावर त्याच्याकडे बघावंही लागतं, हे मी विसरलो. पहिली तीन मिनिटं मी आभार मानले. टाळ्या पडल्या. मंडळी, टाळ्यांचा आवाज स्टेजवरून वेगळाच येतो हो. तीस वर्षं मी काउंटरच्या मागून बोललो, 'सही करा', 'उद्या या', 'फॉर्म चुकला.' कुणी टाळी वाजवली नाही. म्हणून खोबऱ्याबद्दल दोन शब्द बोललो. लोक हसले. मग टॉवेलची गोष्ट आली, मग जर्सी आली, मग कंबर. कमरेला तर स्त्रियांच्या बाजूनेही हशा आला. त्यात सरसू नव्हती. ती हाताने काहीतरी खुणा करत होती. मला वाटलं, माइक जवळ धरा म्हणतेय. मी माइक जवळ धरला.

मग कॉलेजचा तो सामना आला. साडेचार मिनिटांचा सामना मी वीस मिनिटं सांगितला. खाली कोर्टावर वांगी रंगात पोरं उभी होती, आणि लिनीश दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवत होता. मला वाटलं माझ्या त्या जुन्या सर्व्हिसचं कौतुक करतोय. मी त्याच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "हा बघा! हा माझा हिरा! याच्याबद्दल मी आता सविस्तर बोलणार आहे."

आणि सविस्तर बोललो. बोटांबद्दल, खाणीबद्दल, पंचविशीबद्दल. खरं तर चांगलं बोललो. माझ्या आयुष्यातलं एकमेव चांगलं भाषण ते. लिनीशची आई पुढेच बसली होती. तिला मुलाने जे सांगितलं नव्हतं ते मी माइकवरून सांगितलं. ती डोळ्याला पदर लावून रडायला लागली, आणि मला वाटलं, वा, काय परिणाम होतोय.

खाली उतरलो तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. आभाराचं भाषण हाजींनी कुरूपना करूच दिलं नाही. त्यांनी अक्षरशः माइकची वायर ओढली.

पहिली सर्व्हिस पडली तेव्हा पाचला चार कमी. लिनीशला पहिला बॉल मिळाला, त्याने तो वर दिला, आणि वर्की सर खुर्चीत पुढे सरकले. मी बघितलं ते. दुसरा बॉल दिला. तिसराही त्यानेच दिला, तो परतवताना पुळियक्कराने बाहेर मारला. चौथ्याला वर्की सर उठले, बॅग काखेत घेतली, एकदा मागे वळून कोर्टाकडे बघितलं आणि फाटकाबाहेर उभ्या रिक्षात बसले. मी धावलो. खरंच धावलो, कंबर विसरून. रिक्षा वळणावर गेली होती.

परत आलो तेव्हा स्कोर चार-दोन होता. लिनीशने रिकामी खुर्ची बघितली होती. मला वाटलं, आता हा ढेपाळणार. पण ते पोर असं खेळलं, असं खेळलं, की पुळियक्कराचे लोकही उभे राहिले. बॉलला आवाजच नव्हता. आम्ही तीन सेट सरळ जिंकलो. माणसाच्या छातीएवढा कप मिळाला. गळ्यात हार घालून पोरांनी मला खांद्यावर उचललं. त्यात लिनीशचा खांदाही होता, आणि 'खाली ठेवा रे' हे एवढं वाक्य मला त्या दिवशी बोलता आलं नाही.

घरी सरसूने पान वाढलं. एक शब्द बोलली नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या आठवड्यात मी वर्की सरांना फोन लावायचं ठरवलं. एकट्याने धीर होईना. लिनीश हाजींच्या अंगणात खोबरं भरत होता. स्पर्धा संपली होती तरी भरत होता, सवयीने. त्याला जवळ बोलावलं, ओट्यावर बसवलं आणि त्यालाही ऐकू यावं म्हणून फोनचा स्पीकर लावला. म्हटलं, काही चांगलं निघालं तर त्याच्याच कानावर पडू दे. फोनवर मी फक्त 'कैतक्कुन्नच्या वाचनालयातून बोलतोय' म्हटलं आणि सेटरचं विचारलं.

"हो हो, आठवतोय ना," वर्की सर म्हणाले. "तो सेटर. तीन बॉल बघितले मी. हात फार सुंदर आहेत हो. पण तीन बॉलवर मी काय लिहू? वर कागद पाठवायचा तर निदान एक पूर्ण सेट बघायला लागतो. आणि मार्चनंतर तर माझ्या हातात काहीच नाही. पुन्हा त्या बाजूला येणं आता पुढच्या डिसेंबरात."

"बरोबर आहे सर," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"वाईट वाटलं मला. गाडी सोडायचाही विचार आला होता मनात. पण तो शेवटचा वक्ता! अहो, कोण होता तो गृहस्थ? सांगितलं होतं मी, सत्कार नको म्हणून. पाऊण तास! आणि बोलत कशावर होता, तर त्याच पोराला नोकरी मिळायला हवी यावर. कोण तो?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. 'होते एक गावातले,' एवढंच म्हणायचं आणि फोन ठेवायचा. मी तोंड उघडलंसुद्धा.

लिनीश फोनकडे वाकला. हाताला खोबऱ्याचं तेल लागलेलं, म्हणून फोनला हात न लावता नुसता वाकला.

"ते आमचे कोच होते सर," तो म्हणाला. "तुम्हाला तीन पत्रं त्यांनीच लिहिली होती. त्यांच्यामुळेच तुम्ही आलात."

 मग वर्की सर म्हणाले, "अरे देवा," आणि त्यांनी फोन ठेवला.

मी लिनीशला म्हटलं, "माझं चुकलं रे." एवढंच म्हटलं. त्याच्यापुढे आणखी एक शब्द जोडायची मला भीती वाटली. तो 'असू दे' म्हणाला नाही. तो उठला, अंगणात गेला आणि उरलेलं खोबरं पोत्यात भरायला लागला. मीही मुंडू वर खोचली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो.